पाटणच्या शेतकऱ्याला स्वस्त रायफल का मिळत नाही

पाटण किंवा शिराळ्याच्या वरच्या अंगाच्या गावांत भात पोटरीला आला, भुईमूग भरू लागला की माणसांची रात्रीची झोप जाते. माळ्यावर बसून डबे वाजवायचे, फटाके लावायचे, बॅटरी फिरवायची, आणि एवढं करून सकाळी बघावं तर निम्मं वावर डुकरांनी नांगरल्यासारखं उकरलेलं. अलीकडं माळ्यावर बसलेली पोरं मोबाइलवर अमेरिकन रायफली बघतात. रुगर अमेरिकन, सॅव्हेज अ‍ॅक्सिस, मॉसबर्ग पॅट्रियट ही नावं त्यांना पाठ आहेत. तिकडचा साधा कामगार आठवड्याच्या पगारात असली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर बाराला हातानं बोल्ट मागं-पुढं करून काडतूस भरायची) घरी आणतो हे कळल्यावर प्रश्न ठरलेला असतो: ‘आपल्याकडं असली का नाही ओ मिळत?’

‘शिकारीला बंदी आहे’ हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्याच्या आधीही स्वस्त रायफल आपल्या शेतकऱ्याच्या हातात कधी आली नव्हती.

तिकडं ती स्वस्त कशी झाली, ते आधी बघू. दोन्ही महायुद्धांनंतर माउझर आणि ली-एनफिल्डसारख्या लष्करी रायफलींचे ढीग विक्रीला निघाले. टपालाने रायफल मागवायची, लाकूड तासून हलकं करायचं, नळी थोडी कापायची, झाली शिकारीची रायफल. टपालाचा हा धंदा अमेरिकेत १९६८च्या कायद्यानं बंद केला. पण तोवर कारखान्यांना एक गोष्ट कळून चुकली होती: या भंगाराशी टक्कर द्यायची तर रायफल बनवण्याची रीतच बदलायला हवी. रेमिंग्टननं १९४८च्या मॉडेलमध्ये रायफलीचा मधला सांगाडा चौकोनी ठोकळ्यातून कोरण्याऐवजी गोल गजातून लेथवर काढला. धक्का झेलणारा दात वेगळा करून वॉशरसारखा मध्ये बसवला. सॅव्हेजनं १९५८च्या ११० मॉडेलमध्ये नळी एका मोठ्या नटानं आवळली. काडतूस बसण्याची जागा बरोबर जुळवायला पूर्वी मुरलेला कारागीर लागायचा, ते काम आता नट फिरवून होऊ लागलं. विंचेस्टरनंही १९६४ साली आपल्या नावाजलेल्या मॉडेल ७०ची बनावट सोपी केली. त्यावर जुनी गिऱ्हाइकं इतकी चिडली की ‘चौसष्टच्या आधीची’ ही तिकडं आजही बाजारातली वेगळी जात आहे. आता दस्ता प्लॅस्टिकचा, सांगाडा गोल आणि नळीला नट. मोबाइलवर दिसणारी स्वस्ताई ती हीच. नेमबाजीत ती कमी पडत नाही, हे मात्र मान्य करायला हवं.

आपल्याकडची गोष्ट लेथवर घडलेली नाही, ती कायद्याच्या कागदावर घडली. साल १८७८, व्हाइसरॉय लिटन. त्या एकाच वर्षात दोन कायदे आले, एक जंगलाचा आणि एक शस्त्रांचा. पहिल्यानं डोंगर सरकारजमा होण्याची वाट मोकळी केली, दुसऱ्यानं डोंगराखालच्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना. गोऱ्यांना त्यातून सूट होती. हे दोन कायदे वेगवेगळ्या धड्यांत शिकवले जातात. शेताच्या बांधावरून बघितलं तर ती एकच गोष्ट आहे.

पुढची भानगड काडतुसाची. .३०३ हे ब्रिटिश फौजेचं काडतूस. फौजेतून चोरलेली काडतुसं सरहद्दीवर आणि क्रांतिकारकांच्या हाती जातील या धास्तीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हिंदुस्थानात खासगी माणसाला बंद झालं. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांमुळं १९०७च्या सुमारास .४५० बोअरवरही (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथं इंचात) संक्रांत आली. तेव्हा साहेबांच्या हत्ती-वाघांच्या शिकारीसाठी इंग्लंडमधल्या बंदूकवाल्यांनी .४७० आणि .४६५ अशी नवी काडतुसं काढली. साहेबाची सोय झाली. मधल्या माणसासाठी ऑस्ट्रियाच्या फौजेचं जुनं ८ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस उचललं गेलं. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर, म्हणून त्याचं इकडचं नाव पडलं तीनशे पंधरा. हिंदुस्थानातल्या कुठल्याच फौजी रायफलीत ते बसत नव्हतं, आणि सरकारला नेमकं तेच हवं होतं. इंग्लंडच्या बीएसए कंपनीनं ली-एनफिल्डच्याच धाटणीची .३१५ रायफल इकडच्या बाजारासाठी काढली. स्वातंत्र्यानंतर तशीच रायफल कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होत राहिली. काडतुसं आपल्या खडकीची. तळावरचा ‘केएफ’ शिक्का खडकीच्या कारखान्याचाच, म्हणजे ‘किर्की फॅक्टरी’. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास सोळा ग्रॅम. जड आणि संथ, पण जवळून डुकराला पुरून उरणारी.

ऑस्ट्रियाच्या फौजेनं ते काडतूस केव्हाच सोडलं. परवानाधारकाची देशी स्वस्त रायफल म्हणून आपल्याकडं मात्र दशकानुदशकं तीनशे पंधराच मिळत राहिली. स्वस्त म्हणजे बाहेरच्या जुन्या मालाच्या मानानं. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली आणि आधी आलेल्या बीएसए, माउझर, विंचेस्टर यांचे भाव कायमचे चढले. बाकी जगात जुनी बंदूक म्हणजे कमी पैशांत काम, आपल्याकडं ती सोन्यासारखी जपायची चीज झाली.

सातारा जिल्ह्यात .३०३च्या बंदीची गंमत जास्त कळते. आपशिंगे मिलिटरीसारखी गावं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं पाठवत आली. ज्या जवानानं पंधरा वर्षं .३०३ खांद्यावर वागवली, तो निवृत्त होऊन गावी आला की त्याला ती बाळगता येत नसे. परवाना मिळाला तर .३१५ घ्यायची. बोल्टची उघडझाप तीच, हाताची सवय तीच, भोक तेवढं निराळं.

पीकरक्षणाचा परवाना मागायला गेलेल्या शेतकऱ्याला मात्र ही .३१५ सुद्धा सहसा मिळत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी नाव घेऊन सांगितली आहे ती ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर. रायफलीसाठी जिवाला धोका असल्याचं किंवा तसंच वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते जिल्हादंडाधिकाऱ्यांना पटावं लागतं. कायद्याचा हा तुकडा मला एरवी मागासलेला वाटतो, पण इथं त्यात तथ्य आहे. गुळगुळीत नळीतून सुटणाऱ्या छर्ऱ्यांचा जोर पन्नास पावलांपुढं ओसरतो. रायफलीची गोळी हुकली तर दोन-अडीच किलोमीटर जाऊ शकते. कोयनेच्या खोऱ्यात डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर एखादी वाडी आहे आणि रात्री तिथंही कुणीतरी माळ्यावर बसलेलं असतं.

यात ठासणीची बंदूक गावोगावची खरी. दारू ठासा, चिंधी घाला, छर्रे घाला, टोपी लावा. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत कळप पलीकडच्या ओढ्यात. तिनं डुक्कर पडण्यापेक्षा पळतंच जास्त, आणि पुष्कळांना तेवढंच हवं असतं.

मधल्या काळात डुकरांचं राज्य वाढलं. त्याचं कारण केवळ जंगल राखलं गेलं एवढंच नाही. कोयना अभयारण्य १९८५चं, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४चं, दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१०चा. तो वरचा भाग झाला. खाली कृष्णा-वारणेच्या पाण्यावर ऊस आला, आणि वर्षभर उभा ऊस म्हणजे डुकरांना दिवसा लपायला बांधून दिलेलं घर. पूर्वी डुक्कर डोंगरातून उतरायचं आणि पहाटे परत जायचं. आता ते कऱ्हाड-वाळव्याच्या फडातच पिलं घालतं.

२०१५ साली राज्य सरकारनं पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, मारण्याची परवानगी देण्याची पद्धत ठरवली. शेतकऱ्यानं वनखात्याकडं अर्ज करायचा, मग परवानगी. गव्याला यात जागा नाही, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, त्याला हात लावायचा नाही. पण परवानगी मिळाली तरी बार कोण काढणार? परवान्याची बंदूक गावात एखाद-दुसरी, तीही म्हाताऱ्या माणसाच्या नावावर. मग तारेचे फास, खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब, कुंपणात सोडलेली वीज अशा वाटा धरल्या जातात. त्या सगळ्या बेकायदा आहेत, आणि त्यात गुरं मरतात, कुत्री मरतात, रात्री पाणी धरायला गेलेली माणसंही मरतात.

ज्याच्याकडं रीतसर परवान्याची बंदूक आहे, त्यालाही एक अडचण आहेच. निवडणूक लागली की बहुतेकांना आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. विधानसभेचं मतदान २०१९ला २१ ऑक्टोबरला झालं, २०२४ला २० नोव्हेंबरला. भात तेव्हा वावरात पिकून उभा असतो किंवा कापून खाचरात पडलेला असतो, आणि बंदूक पावतीसकट ठाण्याच्या कोठीत.