एक्सेल येतं, पण चूक सापडते का?

लातूरच्या डाळमिलमध्ये किंवा परभणीच्या जिनिंगवर हिशोबनीस नेमताना बहुतेक वेळा दोनच गोष्टी बघतात: एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आणि 'एक्सेल येतं का?' या प्रश्नाचं उत्तर. त्या उत्तरावर विसंबणं धोक्याचं आहे. डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये तर्क आणि व्याकरणाच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांनीही स्वतःला सरासरीपेक्षा वरचं मानलं होतं. टायपिंगच्या परीक्षेतून वेग कळतो, पण हिशोब बिघडवणाऱ्या चुका वेगाच्या नसतात. म्हणून उमेदवाराची रोजच्या कामासारखीच चाचणी घ्यावी.

चाचणी बनवण्याआधी हंगामात एक दिवस चालू कामाशेजारी बसून प्रत्येक काम लिहून काढा: आवक नोंद, हिशोबपट्टी, बँकेत पाठवायची पेमेंटची यादी, ईमेल. यात पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गटवार गोषवारा काढणारी एक्सेलची सोय) कुठेच लागत नसेल, तर ते विचारू नका. मग जुन्या नोंदींतून ४० ओळींची फाइल करा, नावं व खाते क्रमांक बदला आणि तिच्यात मुद्दाम चुका पेरा.

पहिली चूक बेरजेची. वजनाच्या रकान्यात एका ठिकाणी '४८.५० क्विं.' असं लिहून ठेवा. एक्सेलच्या लेखी हा मजकूर आहे. बेरजेचा सम (SUM) फॉर्म्युला तो मुकाट्यानं वगळतो आणि बेरीज ४८ क्विंटल ५० किलोनं कमी येते. एरर मात्र येत नाही. त्याच रकान्यातल्या नोंदी एकेक करून अधिक चिन्हानं जोडल्या तर एरर दिसते.

दुसरी चूक खाते क्रमांकाची. एक्सेल संख्येचे १५ च अंक जपतं. १६ अंकी क्रमांक टाकला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं तर उडूनच जातात. टाइप करण्याआधी रकाना 'टेक्स्ट' करायचा असतो. नंतर केला तर गेलेला अंक परत येत नाही. पैसे देण्याच्या कामात हा प्रश्न मी कधीच वगळणार नाही.

मराठी मजकुराची तपासणीही हवी. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणक-मोबाइलवर चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली यादी पडद्यावर ठीक दिसते, पण 'औसा' हे गावाचं नाव शोधलं तर काही सापडत नाही आणि मोबाइलवर तीच यादी अगम्य चिन्हांची होते.

चाचणीला ४० मिनिटं द्या, तीही रोजच्याच संगणकावर. इंटरनेटवर शोधू द्या, कामावरही माणूस शोधतोच. शेजारी उभं राहून 'बघा बरं' म्हणू नका, तो इशारा ठरतो. फाइल मधेमधे सेव्ह होते का, हेही बघा. वीज गेली तर आपोआप जपलेली प्रत मूळ सेटिंगनुसार १० मिनिटं जुनी असू शकते.

गुण दोन जणांनी वेगवेगळे द्यावेत. पैशाच्या चुकीला जास्त वजन, रंग-रेघांना जवळजवळ शून्य. चूक स्वतः शोधून कळवली, तर दुरुस्ती अर्धवट राहिली तरी गुण द्यावेत.

फाइलमध्ये आवकेच्या तारखांचाही एक प्रश्न ठेवा. त्यात सगळेच नापास झाले तर आधी संगणकाची प्रादेशिक सेटिंग (तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीनं वाचायची ते ठरवणारी) तपासा. ती अमेरिकन असेल तर ०५/११/२०२५ म्हणजे ११ मे होतो आणि १५/११/२०२५ नुसता मजकूर राहतो, म्हणून नोव्हेंबरची सोयाबीन आवक विखुरते. सेटिंग भारतीय करून नव्या फाइलवर तेवढा प्रश्न पुन्हा घ्या.