पिसदुऱ्याचं दगडी शेण

गाईचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या. हत्तीहून कितीतरी मोठा डायनोसॉर मागे टाकायचा, त्याला काय म्हणावं? आपण शेणच म्हणू, कारण त्यात गवत निघालं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. लाव्हाच्या थरांखालच्या, ‘लमेटा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकात तिथे डायनोसॉरची हाडं सापडतात आणि शेणाचे दगड झालेले गोळेही. वय साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (हिस्लॉप कॉलेजवाले) यांनी एकोणिसाव्या शतकातच या भागातून जीवाश्म गोळा केले होते. शेणाच्या पोटात काय आहे, हे कळायला मात्र 2005 साल उजाडलं.

लखनौच्या बिरबल सहानी संस्थेतल्या वंदना प्रसाद, चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले अशोक सहानी आणि त्यांचे सहकारी शोधत होते वनस्पतींची ‘काच’. ज्वारीच्या पातीवरून बोट फिरवलं तर कापतं ना, त्यात या काचेचाही हात असतो. गवत मुळांवाटे विरघळलेली सिलिका ओढतं आणि पेशींमध्ये साठवतं. पान कुजतं, पचतं, जळतं. हे सूक्ष्म खडे तसेच राहतात. भाताचं तूस जाळल्यावर उरणारी पांढुरकी राख बहुतांश सिलिकाच. शिवाय गवताच्या खड्यांचे आकार ओळखीचे: कुठे डंबेल, कुठे खोगीर.

पिसदुऱ्याच्या शेणात असे खडे मिळाले, तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर समज असा, की गवताचा खरा पसारा डायनोसॉर गेल्यानंतरचा. आता भारतात तेव्हाच इतके प्रकार होते म्हटल्यावर, गवताचा उगम आणखी मागे न्यावा लागला. भारताचा भूखंड इतरांपासून सुटा होण्याआधी. 2011 मध्ये याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवताचेही अवशेष जाहीर झाले.

म्हणून लगेच हिरव्यागार कुरणात चरणारे डायनोसॉर डोळ्यांसमोर आणू नका. त्याच शेणात सूचिपर्णी झाडं, सायकस, ताड-माडाची भावंडं असं बरंच काही होतं, गवत त्यात थोडंसंच. मिळेल ते ओरबाडणारा हा प्राणी. गवताचा संबंध कदाचित त्या काळच्या गोंडवानाथेरियन नावाच्या छोट्या सस्तन प्राण्यांशी जास्त असावा. त्यांचे दात उंच, झीज सोसणारे. असे दात कशासाठी, हे कोडंच होतं.

शेण टायटनोसॉरचं, म्हणजे लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरचं, हा निष्कर्षही आडून काढलेला आहे: त्याच थरांत त्यांची हाडं मिळतात, म्हणून. 2018 मध्ये चीनमधून दहा ते साडेअकरा कोटी वर्षांपूर्वीच्या इक्विज्युबस या डायनोसॉरची बातमी आली. तिथे कुणाचं शेण हा प्रश्नच नव्हता. गवताची साल आणि खडे थेट त्याच्या दातांवरच चिकटलेले होते.