कूस बदलण्याचं विज्ञान

लकवा मारलेला किंवा खुब्याचं हाड मोडलेला पेशंट वॉर्डात आला की सगळ्यांचं लक्ष सलाइन, एक्स-रे आणि ऑपरेशनच्या तारखेकडे लागतं. पाठीकडे कोणी बघत नाही. मग काही दिवसांत माकडहाडाजवळ बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं होणारी जखम, होतो. मूळ आजार आवरला तरी ही जखम महिनोन्‌महिने छळते, जंतू रक्तात पसरले तर जीवही घेते. हे बहुतेक वेळा टाळता येतं, म्हणूनच त्याचं जास्त वाईट वाटतं.

त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब साधारण ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका, म्हणजे फारच कमी असतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं की तिथलं रक्त थांबतं. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, लकवा झालेल्याला ते जमत नाही. नुकसान अनेकदा आत, हाडालगत सुरू होतं. कातडी फाटेपर्यंत आतलं मांस मेलेलं असतं.

१९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायला लावलं. त्याआधी असे बहुतेक रुग्ण बेडसोअर आणि लघवीच्या संसर्गानं दगावत.

आपल्याकडे एका सिस्टरवर कितीतरी खाटांचा भार असतो, तेव्हा हे काम बहुधा नातेवाइकांवरच येतं. त्यांना ते नीट शिकवायला हवं. पूर्ण कुशीवर झोपवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवावं. वर सरकवताना ओढू नये, दोघांनी चादरीसकट उचलावं. डोक्याकडचा भाग फार उंच केला की माणूस खाली घसरतो, कातडी मात्र गादीला चिकटून राहते आणि आतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात. पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली किंवा हवेची रिंग कमरेखाली ठेवू नये. दाबामुळे कातडीवर उठलेला लाल डाग चोळूही नये.

सावळ्या कातडीवर तो लाल डाग पटकन दिसत नाही. म्हणून रोज हाताच्या मागच्या बाजूनं चाचपावं. आजूबाजूपेक्षा जागा गरम, थंड, कडक किंवा लिबलिबीत लागली तर लगेच सिस्टरला सांगावं आणि त्या जागेवर भार देऊ नये.

विदर्भात मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रेक्झिनच्या गादीवर पाठ घामानं भिजते आणि ओली कातडी लवकर सोलते. जुन्या सुती लुगड्याची चुण्या नसलेली घडी अंथरावी, ओली झाली की बदलावी.

डाळ-अंडी खाल्ल्यानं जखमेत पू होतो, ही समजूत घातक आहे. उलट कातडी टिकायला आणि जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, दूध, अंडी पोटात जाऊ द्या. किडनीचा आजार असेल तरच प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.