मुंबईत डेटा सायन्स आलं कुठून?

पवईच्या आयआयटीत 'सेंटर फॉर मशीन इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स' आहे. गोवंडीच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयपीएसमध्ये, 'सर्व्हे रिसर्च अँड डेटा अ‍ॅनालिटिक्स' शिकवलं जातं. शहरातल्या कॉलेजांच्या जाहिरातीत तर एआय नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. (मराठीत डेटाला 'विदा' असाही शब्द आहे. मुंबईत कोणाकडे विदा मागून बघा, तो पानाची टपरी दाखवेल.) पाट्या नव्या आहेत, माहितीच्या ढिगातून अर्थ काढायचं हे काम बरंच जुनं आहे. त्याचा इतिहास सांगताना कोणतं यंत्र कधी आलं, एवढंच बहुधा सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. यंत्राच्या आधी कोणीतरी बसून तोललेलं, मोजलेलं, विचारलेलं असतं.

दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून माहीत. पेशाने ते गणिती. पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना त्यांनी आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांचा नाद घेतला. या चांदीच्या नाण्यांवर ना राजाचं नाव ना सन, नुसते ठसे. मग जुनं कोणतं, नवं कोणतं, हे ओळखायचं कसं? कोसंबींनी तराजू काढला. टाकसाळीतून निघताना नाण्यांचं वजन जवळपास सारखं असतं. हातोहाती फिरताना ती झिजतात, पण सगळी सारखी झिजत नाहीत. म्हणजे चलनात जितका काळ जास्त, तितकी सरासरी कमी आणि नाण्यानाण्यांतला फरक जास्त. हा हिशोब बरोबर आहे ना, हे बघायला त्यांनी त्या वेळच्या चालू चलनातली नाणीही तोलली. ढिगातून काळाचा क्रम काढायचा, याला आज डेटा सायन्स म्हणतात.

१९४३मध्ये त्यांचा 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' हा लेख इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. असंख्य गोष्टी एकदम बदलत असतील, तर बहुतेक सगळा बदल ज्यांत सामावतो अशा मोजक्याच दिशा कशा निवडायच्या, याचं ते गणित. पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह या गणितींनी तेच स्वतंत्रपणे मांडलं आणि बराच काळ सिद्धांत त्या दोघांच्याच नावाने चालला. चेहरे ओळखणारे सुरुवातीचे प्रोग्राम याच गणितावर उभे होते. १९४६मध्ये होमी भाभांनी कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये आणलं. घर पुण्यातच राहिलं आणि डेक्कन क्वीनने येणंजाणं सुरू झालं. १९४८-४९मध्ये युनेस्कोच्या फेलोशिपवर संगणकयंत्रांचा अभ्यास करायला ते इंग्लंड-अमेरिकेत जाऊन आले. पुढे भाभांशी बिनसलं, १९६२मध्ये संस्था सुटली. तो वेगळा विषय.

टीआयएफआरमध्ये प्रत्यक्ष संगणक बांधला तो रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने. गटातल्या कोणीही त्याआधी संगणक बांधलेला नव्हता. १९५६मध्ये छोटं प्रायोगिक यंत्र चाललं, १९६०मध्ये पूर्ण आकाराचं. १९६२मध्ये त्याचं नाव 'टीफ्रॅक' पडलं. निर्वात नळ्यांचं हे धूड. सुरुवातीला स्मृती ४० बिटांच्या १,०२४ शब्दांची, म्हणजे जेमतेम ५ किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवरचा 'शुभ सकाळ'चा एक फोटोही त्यात मावणार नाही.

नरसिंहन १९६१मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेले. बबल चेंबर या भौतिकीतल्या उपकरणातून अणूहूनही बारीक कणांच्या मार्गांचे फोटो थप्पीने निघत आणि ते डोळ्यांत तेल घालून तपासायला माणसं बसवलेली असत. ते काम यंत्राकडून करून घ्यायचं होतं. नरसिंहन यांनी चित्राकडे वाक्यासारखं पाहिलं: रेघ, वळण, फाटा हे शब्द आणि त्यांना जोडणारं व्याकरण. आकृती ओळखण्याच्या शास्त्रात ही नवी वाट होती. ते १९६४मध्ये कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये, परतले. मुंबईतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरुवात मी तिथून धरतो.

तिकडे गोवंडी-देवनारला दुसरंच काम चाललं होतं. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं यांनी मिळून १९५६मध्ये जे प्रशिक्षण केंद्र काढलं, तेच आजचं आयआयपीएस. १९८५मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९२-९३च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम याच संस्थेकडे होतं: ८८,५६२ घरं, कागदी प्रश्नावल्या. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत घरं ६,३६,६९९ झाली आणि कागदाची जागा छोट्या लॅपटॉपने घेतली होती.

घरात शिरल्यावर मात्र गाडी वयावर अडते. सर्वेक्षक विचारते, "ताई, वय किती?"

"असंल चाळीस."

"लग्न किल्लारीच्या भूकंपाआधीचं की नंतरचं?"

मग कुठे हिशोब जमायला लागतो. असं खोदून विचारलं नाही, तर कागदावर ३५, ४०, ४५ या वयांवर माणसांचे ढीग साचतात आणि ३९ किंवा ४१चं कोणी उरतच नाही. हे ढीग किती मोठे आहेत ते मोजणारे व्हिपल आणि मायर्स निर्देशांक लोकसंख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला भेटतात. आणखी एक गोम: लांबलचक प्रश्नावली ४९ वर्षांपर्यंतच्या बायकांना असते, म्हणून कंटाळलेला सर्वेक्षक ४९च्या बाईला पन्नाशीत ढकलतो. लॅपटॉप आला म्हणून हे आपोआप थांबत नाही. एआयच्या वर्गात अल्गोरिदमला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या चौथाई तरी या ढिगांना मिळावा, असं मला वाटतं.

मधला टप्पा थोडक्यात. टीआयएफआरमधल्या सॉफ्टवेअर केंद्रातून १९८५मध्ये जुहूचं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, निघालं. तर्क करू शकणाऱ्या, जपानच्या 'पाचव्या पिढीच्या' संगणकाचा तेव्हा गाजावाजा होता. आपणही १९८६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ज्ञानाधारित, म्हणजे तज्ज्ञांचं ज्ञान नियमांत बसवून चालणाऱ्या, संगणकप्रणालींचा प्रकल्प सुरू केला आणि त्यातली दोन केंद्रं मुंबईत होती, एनसीएसटी आणि टीआयएफआर. २००३मध्ये एनसीएसटी सीडॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झालं.

२०००च्या सुमारास पवईच्या आयआयटीत भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र उभं राहिलं. प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने आधी हिंदी आणि मग मराठी शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, बांधलं. त्यात शब्दापेक्षा अर्थ महत्त्वाचा; एका अर्थाचे सगळे शब्द एका गाठोड्यात. 'लागणे' घ्या. भूक लागली, नोकरी लागली, ठेच लागली, दार लागलं, पुढे दादर लागेल, तो माझा मामा लागतो. शब्द एक, गाठोडी सहा. ही कोणत्याही यंत्राने बांधलेली नाहीत. भाषा जाणणाऱ्यांनी एकेक अर्थ वेगळा काढून व्याख्या लिहिली, उदाहरणाचं वाक्य जोडलं.

सप्टेंबर २०२४मध्ये आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने 'भारतजेन' हा भारतीय भाषांच्या एआय मॉडेलांचा प्रकल्प सुरू झाला. अशा मॉडेलला गाठोडी बांधून द्यावी लागत नाहीत. पुरेसा मजकूर पुढ्यात टाकला की ते अर्थ आपोआप उचलतं. अडचण त्या 'पुरेसा' शब्दात आहे. मराठी मजकूर इंटरनेटवर थोडा, बराचसा छापील पुस्तकांतच पडून आहे. ती पानं स्कॅन करून यंत्राकडून वाचून घेतली की रफार उडतो आणि 'मार्ग'चा 'माग' होतो. 'माग' हाही अस्सल मराठी शब्द, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामला काही खटकत नाही. मूळ पान समोर धरून तो रफार परत बसवायला अजून माणूसच लागतो.