महाभियोगाशिवाय न्यायाधीशाला हात लावता येत नाही?

तालुक्याच्या न्यायालयातील न्यायाधीशावर छेडछाडीचा आरोप झाला, की लोक म्हणतात, "संसदेत महाभियोग आणल्याशिवाय काही होत नाही." हे चूक आहे, आणि या समजापायी तक्रार करायला निघालेली बाई मागे फिरते, याचे मला फार वाईट वाटते.

संसदेत न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याची ही प्रक्रिया फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींसाठी आहे. (राज्यघटनेत 'महाभियोग' हा शब्द तर केवळ राष्ट्रपतींसाठी येतो.) जिल्हा व तालुका न्यायाधीशांवर अनुच्छेद 235 नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. तक्रारीत तथ्य दिसले तर निलंबन, आरोपपत्र, विभागीय चौकशी. दोष सिद्ध झाल्यास बडतर्फीसुद्धा. बडतर्फीचा औपचारिक आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो, पण तो उच्च न्यायालयाच्या शिफारशीवरूनच. कारकून, बेलीफ, शिपाई यांच्यावरही शिस्तभंगाची कारवाई होते.

फौजदारी खटल्यात सुटका झाली म्हणून चौकशी आपोआप संपत नाही. खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत पुराव्याचे पारडे कोणीकडे झुकते, एवढे पाहिले जाते. आरोपीला बाजू मांडण्याची संधी मात्र द्यावीच लागते. तक्रार शपथपत्रासह उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे (रजिस्ट्रार जनरल) करता येते.