सर्व्हरशिवाय थेट फोन : सीमाभागातून पाहिलेली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी कुटुंबांच्या सोयरिकी आणि व्यापार १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतरही कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडशी जोडलेले राहिले, पण दूरध्वनीची व्यवस्था राज्यांच्या हद्दी धरून आखली गेली. बेळगावचा ०८३१ कर्नाटक परिमंडळात आणि कोल्हापूरचा ०२३१ महाराष्ट्र परिमंडळात, त्यामुळे बहीण-भावाचे बोलणेही एसटीडीच्या दराने मोजले जाई. पुढे मोबाइल आले तेव्हा वेंगुर्ला रस्त्याने महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत पाऊल टाकताच रोमिंग सुरू होई आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. मध्ये कोणाचाही सर्व्हर, म्हणजे जोडणी करून देणारा मधला संगणक, न ठेवता दोन घरांतले इंटरनेट फोन अ‍ॅडॅप्टर (साधा टेलिफोन इंटरनेटला जोडणाऱ्या डब्या) थेट जोडण्याच्या कल्पनेचे मोल आपल्याकडे वेगळे का होते, हे यावरून ध्यानात येईल.

जुन्या दूरध्वनीत ही थेट जोडणी मुळातच शक्य नव्हती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने ग्रामीण भागासाठी १२८ पोर्टचे (जोडणीच्या जागांचे) छोटे स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले आणि त्यातले पहिले १९८६ मध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसवले गेले. वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या या यंत्राने देशातल्या खेड्यांत फोन पोचवला, आणि त्याची सुरुवात कित्तूरला झाली याचा या जिल्ह्याने अभिमान बाळगावा असे मला मनापासून वाटते. तरीही त्या रचनेत शेजारच्या घरी लावलेला फोनसुद्धा एक्स्चेंजमधूनच जाई. क्रमांक ओळखणे, घंटी वाजवणे, बोलण्याची वाट जोडणे आणि उपकरणाला ४८ व्होल्टचा पुरवठा देणे ही सगळी कामे एक्स्चेंजची होती. घरातल्या फोनला स्वतःची बुद्धी नव्हती.

इंटरनेटवरच्या बोलण्याने ही मांडणी उलटी केली. आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटे, वाहून नेणारा आरटीपी हा नियम १९९६ मध्ये आणि फोन लावण्याची बोलणी ठरवणारा एसआयपी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला; २००२ मध्ये एसआयपीची सुधारित आवृत्ती आली आणि आजही तीच पायाभूत आहे. एसआयपीत दोन्ही टोकांची उपकरणे बरोबरीची असतात. एका उपकरणाने दुसऱ्याच्या आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरच्या अंकी पत्त्यावर), सामान्यतः ५०६० या पोर्टवर, म्हणजे त्या पत्त्याच्या ठरावीक क्रमांकाच्या दारावर, निमंत्रण पाठवायचे, दुसऱ्याने घंटी वाजत असल्याचे आणि मग फोन उचलल्याचे कळवायचे, आणि त्यानंतर आवाज थेट या टोकाकडून त्या टोकाकडे वाहायचा. सर्व्हरचे मुख्य काम एवढेच, की कोणता क्रमांक सध्या कोणत्या पत्त्यावर आहे ते सांगायचे. पत्ता आधीच ठाऊक असेल, तर त्याच्यावाचून अडत नाही.

साध्या टेलिफोनला या जगात आणणारी छोटी डबी म्हणजे अ‍ॅडॅप्टर. कोमोडो या कंपनीचे असे उपकरण २००० मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीने कंपनीसकट घेतले, आणि कोमोडोतल्याच मंडळींनी पुढे सिपुरा ही कंपनी काढली, जी २००५ मध्ये पुन्हा सिस्कोकडेच गेली. सिपुराच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये सर्व्हरवरच्या नोंदणीशिवाय फोन करण्याची आणि नोंदणीशिवाय आलेला फोन घेण्याची परवानगी देणारे दोन स्वतंत्र पर्याय असत. ग्रँडस्ट्रीम या दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरवर *४७ दाबून पुढे समोरच्याचा आयपी पत्ता, टिंबांच्या जागी * घालत, फिरवता येतो. थेट जोडणीची सोय म्हणजे कुठली चोरवाट नव्हती. ती बनवणाऱ्यांनीच ठेवलेली होती.

मग सर्व्हर इतका अपरिहार्य का झाला? याचे खरे कारण पत्त्यांच्या टंचाईत आहे. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) आयपी पत्ते अपुरे पडल्याने एका पत्त्यामागे अनेक उपकरणे झाकणारी नॅट पद्धत रूढ झाली. घरच्या राउटरमागचा अ‍ॅडॅप्टर बाहेर फोन लावू शकतो, पण बाहेरून आलेले निमंत्रण राउटरवरच थांबते. बाहेर लावलेल्या फोनचीही अनेकदा घंटी वाजते, पण आवाज एकाच बाजूने ऐकू येतो. बाहेरून आपला पत्ता काय दिसतो हे विचारून घेणारी स्टन पद्धत २००३ मध्ये आली, पण ती सर्व प्रकारच्या नॅटमध्ये चालत नाही आणि तिलाही बाहेरचा सर्व्हर लागतोच. शिवाय घरगुती जोडणीचा पत्ता वारंवार बदलतो. बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ मध्ये सुरू झाले तेव्हा २५६ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट या मापाने) हा ब्रॉडबँडचा किमान वेग होता, नेहमीच्या जी.७११ पद्धतीच्या आवाजाला पाकिटांच्या वेष्टनासह एका दिशेने सुमारे ८० केबीपीएस लागत, म्हणून वेष्टन सोडून ८ केबीपीएस लागणाऱ्या जी.७२९ पद्धतीकडे वळणे सोयीचे ठरे.

कायदा या बाबतीत आड आलेला नव्हता, हे मुद्दाम नोंदवायला हवे. १ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली. देशातल्या साध्या फोनच्या जाळ्यात असा कॉल सोडायला मनाई होती, पण २००७ च्या इंटरनेट परवान्याच्या अटींत स्थिर (न बदलणाऱ्या) आयपी पत्त्याच्या अ‍ॅडॅप्टरवरून तशाच दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरशी, देशात किंवा परदेशात, बोलण्याची स्पष्ट मुभा होती. बेळगाव ते कोल्हापूर ही थेट जोडणी त्यात चपखल बसे. अडचण स्थिर पत्त्याची होती, कारण सामान्य घरगुती ग्राहकाला तो सहजासहजी मिळत नसे.

दरम्यान खर्चाचे कारण ओसरत गेले. मार्च २००६ च्या वन इंडिया योजनेत देशात कुठेही मिनिटाला एक रुपया झाला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर बोलण्याचे वेगळे पैसे मोजणेच थांबले. तांत्रिक अडसर मात्र वाढला, कारण कंपन्या आता हजारो ग्राहकांना स्वतःच्याच नॅटमागे ठेवतात आणि घरच्या राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरचा फोन आत येत नाही. यावर दोन मार्ग उरतात : दोन्ही घरांच्या राउटरमध्ये व्हीपीएनचा खासगी बोगदा करणे, ज्यासाठी निदान एका टोकाला बाहेरून पोचता येईल असा पत्ता हवा, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ ही नवी पत्ता-पद्धत असणे, जिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. पहिल्या मार्गात ५०६० पोर्ट जगासमोर उघडे राहत नाही, त्यामुळे असे उघडे पोर्ट धुंडाळत फिरणाऱ्या अनोळखी लोकांच्या अवेळी घंट्यांपासूनही सुटका होते. दुसऱ्या मार्गासाठी अ‍ॅडॅप्टरलाही आयपीव्ही६ समजावे लागते आणि जुन्या सिपुरासारख्या उपकरणांना ते समजत नाही. म्हणून त्या काळची डबी जपून ठेवलेल्या घरांनी व्हीपीएनचाच मार्ग धरावा.