ई. कोलाय शरीराबाहेर पडला की लगेच मरतो? छे!

पाण्यात ई. कोलाय सापडला म्हणजे आत्ताच कुठेतरी सांडपाणी मिसळलंय, कारण हा जंतू आतड्याबाहेर जगतच नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. अर्धंच खरंय ते.

1885 मध्ये थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने तो लहान बाळांच्या शौचात शोधला, म्हणून आतडं हेच त्याचं घर असं डोक्यात बसलं. स्वच्छ पाण्यात कडक ऊन पडलं तर तो खरंच काही तासांत संपतो, शिवाय पाण्यातले एकपेशीय जीव त्याला खातात ते वेगळंच. पण तोच जंतू तळाच्या गाळात किंवा ओलसर मातीत गेला ना, की ऊन नाही, खायला थोडंफार मिळतं, मग आठवडेच काय महिनेसुद्धा टिकतो, आणि उबदार प्रदेशात तर चक्क वाढतोसुद्धा. अमेरिकेच्या हवाई बेटांवर हेच झालं, सांडपाण्याचा संबंध नसलेल्या ओढ्यांतही ई. कोलायचे आकडे भरमसाट, शेवटी कळलं की जंतू मातीतच मुरलेत आणि पावसासोबत वाहून येतात. आणि हे फक्त गरम हवेतच होतं असंही नाही बरं का, अमेरिकेतल्या थंड भागातल्या मिशिगन लेकच्या वाळूत आणि शेवाळातही तो सापडलाय.

आता याचा अर्थ पाणी तपासणीचा रिपोर्ट फेकून द्या असा नाही हां! पिण्याच्या पाण्यात 100 मिलीत एकही ई. कोलाय नको, हा आपल्याकडचा नियम बरोबरच आहे. विहिरीत सापडला तर पाणी उकळूनच प्या, तो कालचा की दोन महिन्यांपूर्वीचा हे नंतर बघू.